‘स्टँड बाय’ : सोबत उभे राहणे आणि नुसते उभे राहणे

सुरुवातीला ही दोन इंग्रजी वाक्ये वाचा.

‘द व्हिलेजर्स स्टुड बाय द फॅमिली.’

‘द व्हिलेजर्स जस्ट स्टुड बाय.’

पहिल्या वाक्याचा अर्थ : गावकरी त्या कुटुंबाच्या पाठीशी उभे राहिले. दुसऱ्याचा अर्थ : गावकरी नुसते बघत राहिले. क्रियापद एकच, काळ एकच, माणसेही तीच. फरक एवढाच की पहिल्या वाक्यात कोणाच्या बाजूला उभे राहिले ते सांगितले आहे आणि दुसऱ्यात सांगितलेले नाही. तेवढ्यावरून साथ देणाऱ्यांचे बघे झाले.

चळवळीत काम करणाऱ्या तरुणांना आज इंग्रजीत बरेच लिहावे लागते. अत्याचाराच्या घटनेचा सत्यशोधन अहवाल, आयोगाला पाठवायचे निवेदन, परदेशातील आंबेडकरी संघटनांना ई-मेल, शिष्यवृत्तीच्या अर्जासोबतचे निवेदन, नाहीतर एखाद्या घटनेनंतर समाजमाध्यमावर टाकायच्या चार ओळी. या सगळ्यात ‘पाठिंबा’, ‘साथ’, ‘पाठीशी उभे राहणे’ हे शब्द पुन्हा पुन्हा येतात आणि त्यांच्यासाठी आपण सरसकट ‘सपोर्ट’ हा एकच शब्द वापरतो. ‘सपोर्ट’ चूक नाही, पण तो सगळीकडे पुरत नाही. ‘स्टँड बाय’ नीट वापरता आले तर आपले लिहिणे नेमके होते. अर्धवट वापरले तर मात्र आपण कौतुक करायला जातो आणि वाक्यातून आरोप निघतो, किंवा आरोप करायला जातो आणि कौतुक होऊन बसते. म्हणून हे एक क्रियापद आज सावकाश समजून घेऊ.

मराठीतही असेच घडते

इंग्रजीत क्रियापदाला एखादा छोटा शब्द जोडला की पुष्कळदा नवाच अर्थ तयार होतो. अशा जोडीला ‘फ्रेझल व्हर्ब’ म्हणतात. ‘लुक’ म्हणजे बघणे, पण ‘लुक आफ्टर’ म्हणजे सांभाळणे. ‘गिव्ह’ म्हणजे देणे, पण ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणे. सुट्या शब्दांचे अर्थ माहीत असूनही जोडीचा अर्थ लागत नाही, म्हणून विद्यार्थी अशा क्रियापदांना घाबरतात.

घाबरण्यासारखे त्यात काही नाही, कारण मराठीत आपण हेच रोज करतो. ‘पाठ’ हा शब्द घ्या. एखाद्याच्या पाठीशी उभे राहणे म्हणजे त्याला आधार देणे. एखाद्याला पाठीशी घालणे म्हणजे त्याचा गुन्हा झाकणे. पाठीस लागणे म्हणजे पिच्छा पुरवणे आणि पाठ फिरवणे म्हणजे साथ सोडणे. ‘पुढाऱ्यांनी पीडितांच्या पाठीशी उभे राहायला हवे होते, त्यांनी आरोपींना पाठीशी घातले,’ हे वाक्य वाचताना आपण कुठेही अडखळत नाही. लहानपणापासून ते कानावर पडलेले आहे. ‘स्टँड बाय’ही तसेच कानावर पडले पाहिजे, आणि त्यासाठी ते वाक्यांतूनच शिकले पाहिजे.

एक क्रियापद, चार अर्थ

पहिला अर्थ : अडचणीच्या काळात एखाद्याची साथ न सोडणे. या अर्थाने ‘बाय’च्या पुढे माणूस, कुटुंब, समाज किंवा संघटना येते. ‘हर फ्रेंड्स स्टुड बाय हर.’ म्हणजे तिच्या मित्रमैत्रिणींनी तिची साथ सोडली नाही. ‘वी विल स्टँड बाय यू.’ म्हणजे आम्ही तुमची साथ सोडणार नाही.

दुसरा अर्थ : आपल्या शब्दावर, भूमिकेवर किंवा निर्णयावर ठाम राहणे. इथे ‘बाय’च्या पुढे माणूस येत नाही. शब्द, वचन, जबाब, ठराव असे काही येते. ‘आय स्टँड बाय माय स्टेटमेंट.’ म्हणजे मी माझ्या जबाबावर ठाम आहे.

तिसरा अर्थ : गरज पडेल म्हणून तयारीत थांबणे. ‘टू ॲम्ब्युलन्सेस आर स्टँडिंग बाय.’ म्हणजे दोन रुग्णवाहिका तयार उभ्या आहेत. 6 डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर किंवा अशोक विजयादशमीला नागपूरच्या दीक्षाभूमीवर स्वयंसेवक, डॉक्टर, रुग्णवाहिका तयारीत असतात, त्या तयारीसाठी हा अर्थ चालतो. टीव्हीचा ‘स्टँडबाय मोड’ यातूनच आला.

चौथा अर्थ : वाईट घडत असताना काहीही न करता बघत राहणे. ‘पीपल स्टुड बाय व्हाइल द बॉय वॉज बीटन.’ म्हणजे मुलाला मारहाण होत असताना लोक बघत राहिले. यातूनच ‘बायस्टँडर’ हे नाम आले. वर्तमानपत्री मराठीत त्याला नेमका वाक्प्रचार आहे : बघ्याची भूमिका घेणे.

आता व्याकरण बघा. पहिल्या दोन अर्थांत ‘बाय’च्या पुढे काहीतरी यावेच लागते. कोणाची साथ, कोणत्या शब्दावर ठाम, हे सांगितल्याशिवाय वाक्य पुरे होत नाही. तिसऱ्या आणि चौथ्या अर्थांत ‘बाय’नंतर तशी जागाच नसते. तयारीत थांबणे की बघत राहणे, हे आजूबाजूच्या वाक्यांवरून कळते. चौथ्या अर्थात बहुधा ‘जस्ट’ किंवा ‘व्हाइल’ सोबत असते. वाचताना गोंधळ झाला तर एकच प्रश्न विचारा : बाय कोण? बाय काय? उत्तर वाक्यात असेल तर साथ किंवा ठामपणा. नसेल तर तयारी किंवा बघ्याची भूमिका.

बोलतानाही फरक पडतो. साथ देण्याच्या अर्थाने जोर ‘स्टँड’वर येतो आणि ‘बाय’ हलके उच्चारले जाते. बघत राहण्याच्या अर्थाने जोर ‘बाय’वर येतो. दोन्ही वाक्ये मोठ्याने म्हणून पाहा, कानाला फरक कळेल.

आपल्याकडून होणाऱ्या चुका

मराठीत विचार करून इंग्रजीत लिहिताना काही चुका हमखास होतात.

‘आय सपोर्ट टू यू’ हे चूक. मराठीतल्या ‘तुम्हाला’मधला ‘ला’ आपण ‘टू’ म्हणून आत आणतो. ‘आय सपोर्ट यू’ एवढे पुरे. तसेच ‘आय स्टँड बाय टू यू’ हेही चूक, ‘आय स्टँड बाय यू’ बरोबर.

‘आय विल स्टँड यू बाय’ हे चूक. काही फ्रेझल व्हर्ब मध्ये तुटतात, ‘स्टँड बाय’ तुटत नाही. माणूस नेहमी ‘बाय’च्या नंतर येतो.

‘वी स्टँड बाय ही’ हे चूक. ‘बाय’नंतर ‘हिम’, ‘हर’, ‘देम’, ‘अस’ ही रूपे येतात.

‘दे स्टँडेड बाय हर’ हे चूक. भूतकाळ ‘स्टुड’ होतो.

‘वी स्टँड फॉर द व्हिक्टिम’ ही चूक फलकांवर दिसते. ‘स्टँड फॉर’ म्हणजे एखाद्या मूल्याचे प्रतिनिधित्व करणे. ‘वी स्टँड फॉर इक्वॅलिटी’ बरोबर आहे, कारण समता हे मूल्य आहे. पीडित व्यक्तीसाठी ‘वी स्टँड बाय द सर्व्हायव्हर’ किंवा ‘वी स्टँड विथ द सर्व्हायव्हर’ लिहा. आणखी एक लक्षात ठेवा : नकार जोडला की ‘स्टँड फॉर’चा अर्थ बदलू शकतो. ‘वी वोन्ट स्टँड फॉर धिस’ म्हणजे आम्ही हे खपवून घेणार नाही.

‘सपोर्ट’ पुरेसे कधी, ‘स्टँड बाय’ कधी

‘सपोर्ट’ हा रुंद शब्द आहे. पैसे देणे, मत देणे, धोरणाला अनुकूल असणे, आधार देणे हे सगळे त्यात बसते. बडोद्याचे महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब 1913 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. त्याविषयी लिहिताना ‘द महाराजा सपोर्टेड हिज स्टडीज’ हे अगदी योग्य.

‘स्टँड बाय’मध्ये दोन गोष्टी जास्तीच्या असतात : काळ कठीण असतो आणि साथ टिकलेली असते. परिस्थिती चांगली असताना कोणी कोणाला ‘स्टँड बाय’ करत नाही. एकदा मदत करून निघून गेलेल्यालाही हा शब्द शोभत नाही. बाबासाहेबांच्या शिक्षणाच्या आणि संघर्षाच्या वर्षांत रमाईंनी गरिबीत संसार ओढला, पोटची मुले गमावली. 27 मे 1935 रोजी त्या गेल्या, तोवर त्यांनी साथ सोडली नाही. त्यांच्याविषयी ‘रमाई स्टुड बाय बाबासाहेब थ्रू द हार्डेस्ट इयर्स’ हेच वाक्य लिहावे लागेल. ‘सपोर्टेड’ तिथे तोकडे पडते. या वाक्यातला ‘थ्रू’ पाहून ठेवा. संपूर्ण काळभर, शेवटपर्यंत, असा अर्थ तो देतो आणि ‘स्टँड बाय’सोबत तो पुष्कळदा येतो.

‘बाय’ म्हणजे शेजारी. मराठीत आपण पाठीशी, म्हणजे मागे उभे राहतो, इंग्रजीत माणूस बाजूला उभा राहतो. ‘स्टँड बिहाइंड’ असेही इंग्रजीत म्हणतात आणि तेही बरोबर आहे. पण ‘बाय’मधली शेजारी उभे राहण्याची कल्पना कार्यकर्त्याने ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ज्याच्यावर अन्याय झाला, त्याच्या पुढे जाऊन माइक हातात घेणारा त्याच्या शेजारी उभा नसतो.

महाडचा इतिहास इंग्रजीत सांगायचा तर

क्रियापद पक्के होते ते आपल्या ओळखीच्या घटनेत वापरल्यावर. महाडचे उदाहरण घेऊ.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने 1923 साली मंजूर केला. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने 1924 साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. पण ठराव कागदावरच राहिला. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर परिषदेला आलेल्यांवर गावात हल्ले झाले. त्याच वर्षी नगरपालिकेने आपला 1924 चा ठराव मागे घेतला.

हे इंग्रजीत कसे सांगाल? ‘द म्युनिसिपालिटी डिड नॉट स्टँड बाय इट्स ओन रेझोल्यूशन.’ नगरपालिका स्वतःच्याच ठरावावर ठाम राहिली नाही. हा वरचा दुसरा अर्थ. नगरपालिकेवर एरवी परिच्छेदभर लिहावी लागणारी टीका या एका वाक्यात आली.

आता पहिला अर्थ. सुरेंद्रनाथ तथा सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे, गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे ही स्पृश्य समाजातील माणसे या लढ्यात बाबासाहेबांसोबत होती. डिसेंबरमध्ये पुन्हा परिषद घ्यायचे ठरले तेव्हा मंडपासाठी जागा द्यायला कोणी तयार होईना. ती फत्तेखान या मुस्लिम गृहस्थांनी दिली. 25 डिसेंबर 1927 रोजी मनुस्मृती दहनाचा ठराव मांडला तो सहस्रबुद्धे यांनी. या सर्वांविषयी : ‘दे स्टुड बाय द मूव्हमेंट.’ प्रत्येकाने आपापल्या समाजाचा रोष ओढवून घेण्याची तयारी ठेवली होती. म्हणून इथे ‘स्टुड बाय’ हा शब्द शोभतो.

चौथा अर्थही याच घटनेत आहे. परिषदेच्या लोकांवर हल्ले होत असताना गावातले जे कोणी नुसते पाहत राहिले, त्यांच्याविषयी : ‘दे स्टुड बाय.’ ‘बाय’नंतर पूर्णविराम.

पुढे तळ्याचा वाद न्यायालयात गेला. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल मार्च 1937 मध्ये अस्पृश्यांच्या बाजूने लागला. सत्याग्रहापासून निकालापर्यंत दहा वर्षे. ‘फॉर टेन इयर्स, बाबासाहेब स्टुड बाय द क्लेम.’ दहा वर्षे बाबासाहेब त्या हक्काच्या दाव्यावर ठाम राहिले.

साक्ष, जबाब आणि पहिल्या दिवसाची गर्दी

आपल्या कामात ‘स्टँड बाय’चा दुसरा अर्थ सगळ्यात महागाचा आहे. अत्याचाराच्या खटल्यात साक्षीदार पोलिसांपुढे एक सांगतो आणि न्यायालयात उलटतो. आपण त्याला साक्षीदार फितूर झाला म्हणतो, इंग्रजीत ‘द विटनेस टर्न्ड होस्टाइल’ म्हणतात. जो उलटत नाही त्याच्यासाठी वाक्य आहे : ‘द विटनेस स्टुड बाय हर स्टेटमेंट.’ साक्षीदार तिच्या जबाबावर ठाम राहिली.

आता एक साधी साखळी पाहा. साक्षीदार जबाबावर ठाम कधी राहते? गावातली मजुरी बंद झाली, दुकानदाराने उधारी थांबवली, रात्री दाराशी कोणी येऊन गेले, तरी कोणीतरी तिच्या शेजारी उभे आहे ही खात्री असेल तेव्हा. ‘शी स्टुड बाय हर स्टेटमेंट बिकॉज पीपल स्टुड बाय हर.’ ती जबाबावर ठाम राहिली, कारण माणसे तिच्या पाठीशी राहिली. या एका वाक्यात पहिला आणि दुसरा, दोन्ही अर्थ आहेत. खटला टिकतो तो बराचसा अशाच साथीवर.

कायद्याने या साथीला जागा करून दिली आहे. अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम 1989 मध्ये 2015 साली दुरुस्ती झाली. ती 26 जानेवारी 2016 पासून लागू आहे. या दुरुस्तीने आलेल्या कलम 15अ मध्ये पीडित, त्यांच्यावर अवलंबून असलेले आणि साक्षीदार यांचे हक्क दिले आहेत. धाकदपटशा, दबाव आणि हिंसेपासून संरक्षण हा त्यांतला एक हक्क. न्यायालयीन कामकाजाची माहिती मिळणे हा दुसरा. स्वयंसेवी संस्था, सामाजिक कार्यकर्ते किंवा वकील यांची मदत घेण्याचा हक्कही तिथे स्पष्ट लिहिलेला आहे. म्हणजे पीडित कुटुंबाने बोलावले तर आपण सोबत जाणे ही कोणाची मेहेरबानी नव्हे. मदत घेणे हा त्या कुटुंबाचा कायदेशीर हक्क आहे.

त्याच कायद्याचे कलम 4 बघ्याच्या भूमिकेविषयी आहे. स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा नसलेला लोकसेवक या कायद्याखालील कर्तव्य जाणूनबुजून टाळत असेल, तर त्याला किमान 6 महिने आणि कमाल 1 वर्षापर्यंत कैदेची शिक्षा होऊ शकते. तक्रार नोंदवून न घेणे, जबाब वाचून न दाखवता सही घेणे, पहिल्या खबरीची प्रत न देणे हे सगळे या कलमात येते.

इथे लिहिणाऱ्याने एक काळजी घ्यावी. इंग्रजी अहवालात ‘द ऑफिसर स्टुड बाय’ एवढेच लिहून थांबू नका. ते वर्णन आहे, पुरावा नाही. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणती तक्रार नेली, अधिकाऱ्याने काय करायला हवे होते आणि काय केले नाही, हे पुढच्याच वाक्यात लिहा. नाहीतर वाचणारा त्याचा अर्थ ‘अधिकारी तयारीत थांबला होता’ असाही लावू शकतो. तिसरा आणि चौथा अर्थ एकाच रूपात येतात, हे विसरू नका.

शेजारची क्रियापदे

‘स्टँड बाय’च्या आसपास आणखी काही क्रियापदे आहेत. प्रत्येकाची जागा वेगळी आहे.

‘स्टँड विथ’ म्हणजे जाहीरपणे एकजूट दाखवणे. निवेदने, फलक, समाजमाध्यमे यांवर हा प्रयोग शोभतो. हे पहिल्या दिवशीही म्हणता येते. ‘दे स्टुड बाय अस’ हे मात्र काही काळ गेल्यावरच म्हणता येते.

‘स्टँड अप फॉर’ म्हणजे एखाद्याच्या बाजूने उभे राहून बोलणे, हक्कासाठी आवाज उठवणे. ‘शी स्टुड अप फॉर हर ज्युनिअर इन द मीटिंग.’ बैठकीत ती आपल्या ज्युनिअरच्या बाजूने बोलली. ‘स्टँड अप फॉर युवर राइट्स’ म्हणजे आपल्या हक्कांसाठी उभे राहा.

‘स्टिक अप फॉर’चा अर्थ जवळपास तोच, पण बोलीतला. मित्रमैत्रिणींत बोलताना चालतो. अर्जात, अहवालात टाळा.

‘बॅक अप’ म्हणजे दुजोरा देणे. ‘द मेडिकल रिपोर्ट बॅक्स अप हर स्टेटमेंट.’ वैद्यकीय अहवाल तिच्या जबाबाला दुजोरा देतो. हे क्रियापद मध्ये तुटते. ‘प्लीज बॅक मी अप’ बरोबर आणि ‘बॅक अप मी’ चूक. ‘स्टँड बाय’च्या नेमके उलट.

धम्मातला कल्याणमित्र

दीघ निकायातील सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थ तरुणाला खरा मित्र आणि मित्राचे सोंग घेणारा यांतला फरक समजावून सांगितला आहे. खऱ्या मित्राच्या चार प्रकारांत एक आहे समानसुखदुक्ख, म्हणजे सुखात आणि दुःखात सारखा राहणारा. संकटात साथ न सोडणे हे त्याच्या लक्षणांपैकी एक. ‘स्टँड बाय’च्या पहिल्या अर्थासाठी पाली भाषेतला हा शब्द आपल्याकडे आधीपासून आहे. खोट्या मित्राच्या चार प्रकारांत एक आहे वचीपरम, म्हणजे बोलण्यापुरता मित्र. तो गेल्या काळातल्या आणि पुढच्या काळातल्या गोष्टी गोड बोलून सांगतो आणि आज काम पडले की आपली अडचण पुढे करतो. समाजमाध्यमावर ‘वी स्टँड बाय यू’ लिहून तारखेच्या दिवशी फोन न उचलणारा वचीपरमच.

विनयपिटकातील महावग्गात आजारी भिक्खूची हकीकत आहे. पोटाच्या विकाराने तो आपल्याच घाणीत पडून होता आणि इतर भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते. तो आमच्या काही उपयोगाचा नाही, असे कारण त्यांनी दिले. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्या भिक्खूला धुतले आणि उचलून मंचावर ठेवले. त्यानंतर भिक्खूंना जमवून आजाऱ्याची सेवा करण्याविषयी सांगितले. इंग्रजीत ही हकीकत दोन वाक्यांत येते : ‘द मंक्स स्टुड बाय. द बुद्ध स्टुड बाय हिम.’ आधी कृती आणि मग उपदेश, हा क्रमही लक्षात घेण्यासारखा आहे.

प्रत्यक्ष लिहिताना

वसतिगृहात किंवा कामाच्या ठिकाणी जातीवरून अपमान झालेल्या मैत्रिणीला इंग्रजीत निरोप पाठवायचा आहे असे समजा. ‘वी ऑल सपोर्ट यू’ एवढ्याने तिच्या हातात काही पडत नाही. असे लिहा : ‘आय बिलीव्ह यू. आय विल स्टँड बाय यू. आय विल कम विथ यू टू द कमिटी ऑन मंडे.’ माझा तुझ्यावर विश्वास आहे, मी तुझी साथ सोडणार नाही, सोमवारी समितीपुढे तुझ्यासोबत येईन. तिसऱ्या वाक्यामुळे दुसऱ्याला वजन येते.

संघटनेचे निवेदन असेल तर : ‘वी स्टँड बाय द फॅमिली अँड विल अटेंड एव्हरी हिअरिंग.’ आम्ही कुटुंबाच्या पाठीशी आहोत आणि प्रत्येक सुनावणीला हजर राहू. जे करणार नाही ते लिहू नका. ‘एव्हरी’ लिहिले की प्रत्येक तारीख आली.

आता स्वतः करून पाहा. पुढील पाच वाक्यांत ‘स्टँड बाय’चा कोणता अर्थ आहे ते ओळखा.

1. ‘डॉक्टर्स आर स्टँडिंग बाय अ‍ॅट द कॅम्प.’

2. ‘हिज टीचर स्टुड बाय हिम आफ्टर द कम्प्लेंट.’

3. ‘हाऊ कुड यू जस्ट स्टँड बाय?’

4. ‘द कमिटी स्टँड्स बाय इट्स डिसिजन.’

5. ‘शी रिफ्यूज्ड टू स्टँड बाय व्हाइल अ चाइल्ड वॉज ह्युमिलिएटेड.’

उत्तरे : पहिल्यात तयारीत थांबणे. दुसऱ्यात साथ न सोडणे. तिसऱ्यात बघत राहणे. चौथ्यात निर्णयावर ठाम राहणे. पाचवे फसवे आहे. तिथे ‘बाय’नंतर माणूस नाही, ‘व्हाइल’ आहे, म्हणून अर्थ बघत राहणे. पण तिने त्याला नकार दिला : मुलाचा अपमान होत असताना तिने बघ्याची भूमिका घ्यायचे नाकारले.

हे पाचवे वाक्य पाठच करून ठेवा. शाखेच्या किंवा अभ्यासवर्गाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकाने आपल्या भागातल्या एखाद्या घटनेवर ‘स्टँड बाय’ची चार वाक्ये करावीत, प्रत्येक अर्थाचे एक. पहिल्या अर्थाचे वाक्य करताना ‘बाय’च्या पुढे एका खऱ्या माणसाचे नाव घ्यावे आणि त्याची पुढची तारीख कधी आहे, सोबत कोण जाणार, हे तिथेच ठरवून उठावे.

जय भीम!